वेनब्रिंक घरची पाच माणसं

१

आमच्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात दर शनिवारी माझा एक छोटा रकाना येतो. लोक पत्राने आपलं आडनाव कळवतात आणि ते कुठून आलं, त्याचा अर्थ काय, देशात तसे किती जण आहेत, हे मी अडीचशे शब्दांत सांगते. सव्वीस वर्षं हे चाललंय. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकले. प्रत्येकाला वाटतं, आपल्या आडनावाच्या मुळाशी एखादा सरदार असणार. खणायला गेलं की निघतो कुंभार, नाहीतर कुणीतरी वाकड्या पायाचा. एका दंतवैद्यांना मी कळवलं होतं की त्यांच्या आडनावाचा अर्थ 'आळशी' असा होतो. तेव्हापासून ते रस्त्यात दिसले की पलीकडच्या फुटपाथवर जातात. दात दुखला तर मी दुसऱ्या गावी जाते.

माझं स्वतःचं आडनाव पोलकोटर. हिल्ट्रूड पोलकोटर. तळ्याकाठच्या खोपटात राहणारा, असा त्याचा सरळ अर्थ, आणि हे नाव मला नवऱ्याकडून मिळालं. "आमचे पूर्वज म्हणजे बेडकांचे शेजारी," असं डेटमार चारचौघांत मिरवायचा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

फेब्रुवारीत माझ्या लेकीचा, मारेनचा, फोन आला. "आई, आम्हाला घर मिळालं! शेतघर आहे, जुनं. भाडं ऐकशील तर हसशील. वेनब्रिंकचं घर म्हणतात त्याला. तू त्या नावावर लिही ना. तीच आम्हाला भेट समजू."

मला आनंदच झाला. मारेन, तिचा नवरा योस्ट आणि फेम्के व इडा या दोन मुली बारा वर्षांत सात भाड्याच्या जागा फिरले होते. पोरगी कुठे रुजतच नव्हती. शिवाय मला काम मिळालं. कंबरेचा सांधा बदलून मी नुकतीच घरी आले होते आणि छताकडे बघून बघून कंटाळले होते.

२

वेनब्रिंक हे त्या घराचं नाव, म्हणून तिथे राहणाऱ्यांचंही. आमच्या म्युन्स्टरलांड भागातल्या शेतघरांची पूर्वी हीच रीत होती. घराला नाव असायचं, आणि घरात येईल त्याला ते लागायचं. जावई राहायला आला की त्याच्या बापाचं नाव उंबऱ्याबाहेर. चर्चच्या वहीत पाद्री लिहायचे, 'अमुक तमुक, ज्याला वेनब्रिंक म्हणतात'. सरकारने दोनशे वर्षांपूर्वी हा घोळ मोडून काढला. कागदावर मोडला, एवढंच. आमच्याकडचे म्हातारे शेतकरी अजून माणसाला घराच्याच नावाने हाक मारतात.

योस्टला याचं काही वावगं वाटलं नाही. त्याचं मूळ आडनाव ड्रेकमान, म्हणजे चिखले म्हणा ना. शाळेत त्याने काय काय सोसलं असेल! लग्नात त्याने बायकोचं, म्हणजे आमचं पोलकोटर घेतलं आणि सही झाल्यावर डेटमारला कडकडून मिठी मारली. एकदा नाव टाकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा टाकायला फारसं जड जात नसावं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

आणखी एक रीत आहे, आणि ती मीच त्यांना करायला लावली. नवं माणूस घरात आलं की पहिल्या शेजाऱ्याने त्याचा हात धरून चुलीभोवती तीन फेरे घालायचे. चुलीवर हंडा टांगायची लोखंडी आकडी असते, तिच्याखालून जायचं. पहिला शेजारी म्हणजे पाळण्यापासून शवपेटीपर्यंत सगळ्याला उभा राहणारा. मारेनचा पहिला शेजारी क्लेमेन्स राव्हे, सत्तरीचा, गुरंवाला. मी बिछान्यातून फोनवर सगळं सांगितलं. कोण आधी, कोण मागे, कुठल्या बाजूने. "नीट करा गं, मला रकान्यासाठी फोटो पाहिजे," असंही बजावलं.

"धमाल आली, आई," मारेन त्या दिवशी म्हणाली. "योस्टचं डोकं आकडीला आपटलं. क्लेमेन्सकाका म्हणाले, घराने टपली मारली, आता तू घरचा."

"आणि तू?"

"मी वाकले. मला माहीत होतं ना ती किती खाली आहे."

मी हसले. फोटो छान आले होते. त्यातला एक शनिवारी छापूनही आला.

३

आडनाव किती पसरलंय ते बघायची माझी पद्धत जुनी आहे. गावोगावच्या पत्त्यांची पुस्तकं, टेलिफोनच्या याद्या, आणि त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या घरमोजणीच्या वह्या. या वह्यांत पाद्री दर काही वर्षांनी घरोघर जाऊन कोण कोण राहतं ते लिहायचे. त्यांची छायाचित्रं मला संगणकावर मिळतात. मांडीवर उशी, उशीवर संगणक, शेजारी कॉफी.

नावाच्या अर्थात फारसं काही नव्हतं. ब्रिंक म्हणजे गावाच्या कडेचा उंचवटा. वेन म्हणजे बहुधा वेनो नावाचा कुणी माणूस. वेनोचा उंचवटा. सरदार नाहीच.

आकड्यांनी मात्र मला थांबवलं. नाव हे सांडलेल्या दुधासारखं असतं, ते पसरतंच. धाकटा मुलगा शहरात जातो, एखादा जहाजात बसतो, पन्नास वर्षांत ते चार परगण्यांत सापडतं. आमचे बेडकांचे शेजारी काही हजार आहेत. वेनब्रिंक मात्र देशभरात दुसरीकडे कुठेच नव्हते. फक्त त्या एका घरात, आणि तिथे पाच.

१७४९च्या वहीत पाच. १७८६ला पाच. मी मान हलवली, योगायोग. १८१२ला पाच. १८४४ला पाच. एका शरद ऋतूत घशाच्या साथीत घरातली तिघं गेली, दोन उरली. पुढच्या ईस्टरला पाद्री मोजायला आले तेव्हा पुन्हा पाच. एक मोलकरीण, एक पळून आलेला शिपाई आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करायला म्हणून आलेली कुणी विधवा. तिघांपुढे लिहिलं होतं, 'ज्याला वेनब्रिंक म्हणतात'. त्याच्या पुढच्या मोजणीत तेवढंही नाही. नुसतं वेनब्रिंक, आणि जन्म कुठे, या रकान्यात तिघांच्याही पुढे याच घराचं नाव.

पाद्री आळशी असतील, मी स्वतःला सांगितलं. मागची यादी बघून उतरवत असतील. सरकारी कारकून तरी दुसरं काय करतात?

एक नोंद मात्र मी दोनदा वाचली, कारण ती लांब होती. १८२९चा जानेवारी. घरधनी बर्न्ड वेनब्रिंक मागच्या खोलीत वारला. बर्फाने रस्ता बंद. शेजाऱ्यांनी पेटी घसरगाडीवरून चर्चपर्यंत ओढत नेली. मला त्या शेजाऱ्यांचं कौतुक वाटलं.

शेवटची पाच १९९० पर्यंत दिसतात. मग एकेक करून चौघं गेली आणि आडेलहाइड वेनब्रिंक नावाची म्हातारी एकटी उरली. ती गेल्या हिवाळ्यात वारली. वारस नव्हता, म्हणून घर भाड्याने निघालं.

वहीच्या हिशोबाने आता तिथे चार माणसं होती. मी संगणक मिटला आणि व्यायामाला उठले.

४

एप्रिलमध्ये मी फोन केला तेव्हा मारेनने तो उचलून नेहमीप्रमाणे आडनाव सांगितलं.

"वेनब्रिंक."

"अरे वा! मोठ्या घरच्या झालात."

"काय?"

"काय म्हणालीस आत्ता?"

"कुठे काय म्हणाले? नाव सांगितलं."

मी विषय वाढवला नाही. घंटीवर अजून जुनी पितळी पाटी आहे, तिचे स्क्रू गंजलेत, ते निघत नाहीत, असं योस्टने मागे सांगितलं होतं. दिवसातून दहा वेळा डोळ्यांपुढे येणारं नाव तोंडात बसतं. मी स्वतः लग्नानंतर वर्षभर चुकीची सही करत होते.

मग इकडचं तिकडचं निघालं. मुलींना सर्दी होती. एप्रिल असून थंडी हटत नव्हती.

"पप्पा गेले तेव्हा होती ना, तशी थंडी आहे," मारेन म्हणाली.

डेटमार ऑगस्टमध्ये गेला. इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. उकाड्याने खिडकी उघडी ठेवली होती आणि खाली कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. मी एका बाजूला होते, मारेन दुसऱ्या बाजूला. "ते यंत्र बंद करायला सांगू का?" तिने विचारलं होतं. "नको, चांगला वास येतोय," डेटमार म्हणाला. हे त्याचं शेवटचं वाक्य. खोलीत तिसरं कुणीच नव्हतं.

"मारेन, पप्पा उन्हाळ्यात गेले."

"हो का?" ती म्हणाली. "बरं, आई. असेल."

त्या 'असेल'ने मला रात्रभर जागं ठेवलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. डेटमारला भाऊबहीण नाही. मुलींनी त्याला नीटसं पाहिलं नाही. त्याला खरंखुरं आठवणारी माणसं जगात दोनच, मी आणि मारेन. त्यातलं एक कमी झालं तर मला भीती वाटते. कारण दुसरं सत्तरीला टेकलंय.

डॉक्टर म्हणतात, घर बदललं की माणसं विसराळू होतात. कुठल्या डॉक्टरांनी म्हटलंय ते मला आठवेना. पण म्हटलं असणारच.

५

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मला गाडी चालवायची परवानगी दिली. त्याच रविवारी मी निघाले. मनात ठरवून निघाले होते की मारेनला आणि मुलींना आठवडाभर माझ्याकडे घेऊन यायचं. नुसता आठवडा. घराबाहेर पडल्या की डोकं ताळ्यावर येईल.

फाटकापाशी क्लेमेन्स राव्हे कुंपणाला टेकून उभे होते. फोटोवरून मी लगेच ओळखलं. दारावर अजून स्वागताची हिरवी माळ होती. फेब्रुवारीतली, तरी ताजी.

"पोलकोटरबाई ना?" त्यांनी टोपी काढली. "लिहिता तुम्ही. आमच्या घरी वाचतात. माझ्या नावाबद्दल नका लिहू म्हणजे झालं."

"राव्हे म्हणजे कावळा. झालं, लिहून झालं."

ते खदखदून हसले. मग मी विचारलं, "आडेलहाइडबाई एकट्याच राहायच्या ना इथे?"

"एकट्याच. पण स्वयंपाक पाच जणांचा. दररोज. एका ताटावर मी बसायचो, उरलेलं माझ्या कुत्र्याला. लठ्ठ होऊन मेला बिचारा."

"पाच जणांचा कशाला?"

"घराला सवय आहे, म्हणायच्या."

"आणि तुम्ही रोज इथे जेवायचात, तुम्हाला काही झालं नाही?"

"मला काय व्हायचंय, बाई? मी झोपायला माझ्या घरी जातो." त्यांनी टोपी पुन्हा घातली आणि माझ्या मागे गाडीत बघितलं. "बॅग आणलीत की नाही?"

"मी राहायला नाही आलेय. मी त्यांना न्यायला आलेय."

"बरं बरं," राव्हे म्हणाले. लहान मूल जेवणार नाही म्हणालं की आपण म्हणतो, तसं.

६

स्वयंपाकघर मोठं होतं, खाली लादी, मध्ये ती चूल आणि तिच्यावर आकडी. फोटोत दिसतं त्याहून सगळं नीटनेटकं आणि उबदार. मला पहिल्या क्षणी बरं वाटलं, हे कबूल करते. योस्ट लाकडं रचत होता. मारेनच्या गालांवर रंग आला होता. इतकी निवांत ती मला तिच्या लहानपणानंतर दिसली नव्हती.

"आजी आली!" फेम्के ओरडली. दोघींनी माझा एकेक हात धरला आणि गिरक्या घेत मला फिरवलं. "हळू गं, कंबर मोडाल माझी," मी म्हणत होते. त्या थांबल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही चुलीभोवती फिरत होतो. किती वेळा, ते मी मोजलं नव्हतं.

मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत पलंग, त्यावर नीट घातलेली पांढरी चादर. पलंगाखाली पुरुषाचे लाकडी बूट होते आणि त्यांच्याभोवती पाण्याचं थारोळं. टाचांना पांढरा बर्फ चिकटला होता. बाहेर ऊन होतं, खिडकीशी मधमाश्या होत्या, आणि मी बघत असताना तो बर्फ वितळत होता.

मारेन फडकं घेऊन आली, बोलता बोलता तिने ते पाणी पुसलं आणि दार लोटून घेतलं.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"कुठलं काय? लादी ओली होती."

"मारेन, इथे बस. पप्पा कुठे गेले, ते मला सांग."

योस्टने लाकडं रचायचं थांबवलं. मारेनने माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला रडू आलं.

"आई, असं का विचारतेस? पप्पा मागच्या खोलीत गेले. जानेवारीत. रस्ता बर्फाने बंद होता, पेटी घसरगाडीवरून न्यावी लागली. तू दारात उभी होतीस."

१८२९ची ती नोंद मी तिला दाखवली नव्हती. कुणालाच दाखवली नव्हती.

"चल," मी उठले. "मुलींना घे. कपडे राहू देत. माझ्या घरी चल, आत्ताच्या आत्ता."

"हे बघा, आई," योस्ट हळूच म्हणाला, "तुम्ही दमलात. आधी चार घास खा."

"तू गप्प बस! तुझं नाव काय आहे, योस्ट? खरं नाव?"

तो लाजल्यासारखा हसला. सासूने चिडवल्यावर जावई हसतात तसा.

"डेटमार पोलकोटर!" मी मोठ्याने म्हणाले. "तो तुझा बाप, मारेन. तिसऱ्या मजल्यावर, ऑगस्टमध्ये. तू त्याचा डावा हात धरला होतास. तो तुला चिमणी म्हणायचा, आणि तू दहा वर्षांची होईपर्यंत रोज रात्री एक चुकीची गोष्ट सांगायचा, तू ती दुरुस्त करावीस म्हणून. हे तुला आठवायलाच पाहिजे, तुझ्याशिवाय कुणाला—"

"आई, आधी सूप वाढू दे, निवतंय," मारेन म्हणाली. ती ओट्याजवळचे खण उघडून शोधत होती. "मोठी पळी कुठे गेली कोण जाणे."

"पिठाच्या पेटीमागे, खिळ्याला. असते तिथेच. आणि माझं बोलणं मध्ये तोडू नकोस!"

मारेनने पेटीमागे हात घातला आणि पळी काढली.

मी त्या स्वयंपाकघरात आयुष्यात पहिल्यांदा आले होते. इतर कुणालाच यात काही विशेष वाटलं नाही. इडाने माझ्यापुढे वाडगा ठेवला. तो पाचवा होता.

मी धावत गाडीकडे गेले. कंबर विसरून धावले. गाडीत माझी कामाची वही असते. दार लावून घेतलं आणि पहिल्या पानापासून सगळं लिहून काढलं, रकाना, फेब्रुवारी, चूल, याद्या, फोन, खिडकी, गवताचा वास. मधलं काही सुटू नये म्हणून शब्द न निवडता लिहिलं. हात दुखेपर्यंत लिहिलं. वर पाहिलं तेव्हा मारेन काचेपाशी उभी होती, हातात माझी शाल घेऊन.

"आत ये ना गं," ती म्हणाली. "इथे थंडी आहे."

७

वरचं सगळं मी त्या वहीतून उतरवलंय. विरामचिन्हं नीट केली, बाकी काही बदललं नाही. अक्षर माझंच आहे, त्यात शंका नाही.

मी इथेच असते. मारेन म्हणते मी नेहमी इथेच होते, आणि मला आठवतं त्याच्याशी ते जुळतं. रकानाही चालू आहे. राव्हे शनिवारी वर्तमानपत्र घेऊन येतात आणि तेच विनोद करतात. मुली वाढतायत. मारेनला रात्री झोप चांगली लागते. आईला आणखी काय हवं असतं?

वही मात्र मी फेकत नाही. तिच्यात तो एक माणूस आहे, डेटमार नावाचा. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर मरतो आणि गवताचा वास चांगला येतोय म्हणतो. ते पान वाचलं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, दर वेळी, आणि मला ते थांबवता येत नाही. परक्याच्या दुःखाने माणूस इतकं रडतं, हे मला माहीत नव्हतं.

परवा मी ते पान मारेनला वाचून दाखवलं. तिनेही डोळे पुसले.

"बिचारा," ती म्हणाली. "कोण गं हा? त्याचं कुणी होतं की नाही?"

मी वही परत चाळून बघितली. "एक बायको होती, असं लिहिलंय. आणि एक मुलगी."

"मग बरं," मारेन म्हणाली. "त्या आठवण काढत असतील."